मिठातलं ऊन

प्रमिला वैरागडे लेहच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन किलो मुंगवड्या म्हणजे मूगडाळीचे वाळवलेले सांडगे, किलोभर सरगुंडे म्हणजे हातवळणीच्या शेवया आणि नागपूरच्या एका कंपनीचा नोकरीचा अर्ज होता. अर्ज मुलीसाठी होता. नाव, जन्मतारीख, शिक्षण सगळं त्यांनीच भरून आणलं होतं. मृणालची फक्त सही बाकी होती.

साल २०३८, जूनचा दुसरा आठवडा. त्यांच्या गावी, वरोऱ्यात, त्या वर्षी पारा सत्तेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता आणि इथे विमानाच्या शिडीवरच प्रमिलाबाईंनी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. मृणालला काम होतं म्हणून तिने घरमालकाला गाडी घेऊन पाठवलं होतं. सेरिंग आंगदुस. वय एकाहत्तर, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि हसताना दिसणारे मोजून चार दात. एकतीस वर्षं त्यांनी तेलाचा टँकर चालवला होता.

"या घाटाने मी किती तेल वर नेलं असेल सांगा," गाडी घाट चढू लागली तसे ते हिंदीत म्हणाले.

"काय माहीत बापा! भरपूर," प्रमिलाबाईही आपल्या वरोऱ्याच्या हिंदीत म्हणाल्या.

"एक तलाव भरेल. माझ्यामुळे लोक जगले." मग ते पुढे म्हणाले, "आता तुमची मुलगी म्हणते, मिठाने घर गरम होतं."

थारलुंग हे चौदा घरांचं गाव लेहपासून पाच तासांवर, एका उंच खिंडीच्या पलीकडे होतं. हिवाळ्यात तिथे उणे पंचवीस ही नेहमीची गोष्ट. प्रत्येक घरात मधोमध बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, तिच्यात थेंबथेंब रॉकेल जळायचं आणि घरातले सगळे पाच महिने त्या एका खोलीत बसून काढायचे. आंगदुसनी वाटेत सगळा हिशेब मांडला. सरकारी सवलत दरवर्षी कमी होत होती. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पाच महिन्यांच्या पेन्शनचा धूर झाला. विजेचा हीटर? पहिल्या वादळात तार तुटते ती एप्रिलमध्ये जोडली जाते. गॅस? थंडीत सिलिंडर दगडासारखा पडून राहतो. शेण आणि लाकूड? जनावरं फारशी राहिली नाहीत आणि झाडं तर मुळातच नव्हती.

"म्हणून तेल," ते म्हणाले. "महाग आहे, पण पेटतं. बायकोला खोकला होतो, पण पेटतं."

---

पहिले दोन दिवस प्रमिलाबाईंना चार पावलं चाललं तरी धाप लागत होती. आंगदुसची बायको यांगडोल त्यांना लोणी घातलेला खारट चहा पाजायची आणि स्वतः बाजूला बसून खोकायची. त्या खोल, कोरड्या खोकल्याकडे घरातल्या कुणाचं लक्षही जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मृणाल आईला कामाच्या जागी घेऊन गेली. एकोणतीस वर्षांची मृणाल रसायनशास्त्रातली डॉक्टरेट करून तीन वर्षांपासून इथे या प्रकल्पावर काम करत होती. उतारावर काळ्या काचेच्या लांबलचक पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. सूर्याने त्यांच्यातली हवा भट्टीसारखी तापायची, आणि ती हवा जाळीच्या ट्रेमधून फिरवली जायची. ट्रेमध्ये वाटाण्याएवढे करडे मणी होते.

"हे तुझं मीठ?"

"हो. चुन्याच्या कळीवर पाणी टाकलं की ती कशी फसफसून उकळते, आठवतं ना?"

"आठवतं की. तुझ्या आजोबांचा हात भाजला होता."

"तसंच आहे हे. काही क्षार पाण्याचे भुकेले असतात. पाणी मिळालं की ते धरून ठेवतात आणि धरताना गरम होतात. उलट तापवलं की पाणी सोडून देतात. म्हणजे उन्हाळ्यात इथे वाळवायचं, हवाबंद डब्यात भरायचं. डबा वर्षभर थंडच राहतो, कारण ऊब साठवलेली नसते, तहान साठवलेली असते. हिवाळ्यात घरातली दमट हवा त्या मण्यांतून फिरवली की मणी तापतात. नुसतं मीठ ओलं होऊन चिकट गोळा व्हायचं. ते या सच्छिद्र मण्यांच्या आत बसवता आलं, हाच आमचा शोध."

"तेलापेक्षा चांगलं?"

मृणाल हसली. "एका पिंपाएवढ्या रॉकेलची ऊब द्यायला अडीच टन मणी लागतात. पण रॉकेल जळलं की संपलं. हे मात्र पुन्हा वाळवता येतं. निदान यायला हवं."

तिचा आवाज शेवटी उतरला. पहिल्या हिवाळ्यात कारखान्यातून वाळवून आलेल्या मण्यांनी तीन घरं छान गरम ठेवली होती. दुसऱ्या वर्षी तेच मणी इथे वाळवले आणि जानेवारीतच ते निम्म्यावर आले. तीन कुटुंबांना शेजाऱ्यांकडून तेल मागावं लागलं, गावाचा विश्वास उडाला. मणी एकाच वर्षात थकतात असा अहवाल लिहायला तिने घेतला होता. तो गेला की प्रकल्प बंद.

प्रमिलाबाईंच्या मनात आलं, अर्ज काढायची हीच वेळ आहे. पण हात आधीच ट्रेकडे गेला होता. सव्वीस वर्षं वरोऱ्यात बायकांचा वाळवणाचा गट चालवणाऱ्या बाईला वाळत घातलेली वस्तू हाताळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यांनी एक मणी उचलला, नखाने दाबला, कानाजवळ नेऊन दुसऱ्यावर वाजवला आणि तोंडाकडे नेला.

"आई! खाऊ नको ते!"

"नाही खात वं. दगड दे एखादा."

दगडाने मणी फुटला. बाहेर पांढरट, कडक कवच होतं. आतला गाभा मात्र गडद होता. प्रमिलाबाईंनी तो बोटांत चिरडला तेव्हा बोटाला लागला.

"हे वाळलेलंच नाही."

"आई, वजन उतरायचं थांबलं की वाळलं असं धरतात. दर तासाला वजन होतं. यंत्र सांगतं."

"यंत्र सांगू दे. वरून करकरीत झालंय, आतून ओलं आहे. मुंगवड्या पहिल्याच दिवशी भर उन्हात टाकल्या की अस्सं होतं. वरची साल आवळते आणि आतल्या पाण्याला वाट राहत नाही. मग वजन कुठून उतरणार? आषाढात डबा उघडला की बुरशी."

मृणालने दहा मणी घेतले आणि एकेक फोडला. दहाही आतून गडद होते. उन्हाळा लहान म्हणून ती पहिल्या तासापासून हवा पूर्ण तापवत होती. एका दिवसात एक घाणा निघत होता, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"मला दिसायला हवं होतं हे," ती शेवटी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "पुस्तकात आहे, आई. पहिल्या वर्षाला शिकलेय मी."

"पुस्तकात मुंगवडी हातात येत नाही ना," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि कमरेला पदर खोचला. "कापड आहे का पातळ? पहिल्या दिवशी कापडाखाली, मंद ऊब. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायचं, म्हणजे रातभर आतलं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी उलटायचं. तिसऱ्या दिवशी दे तुझं काय ते कडक ऊन."

चौथ्या दिवशी फोडलेला मणी आरपार पांढरा निघाला. मृणालने त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि आईच्या तळहातावर ठेवला. प्रमिलाबाईंनी "वं माय!" करून तो झटकून टाकला. दोघी इतक्या हसल्या की प्रमिलाबाईंना धाप लागून खाली बसावं लागलं.

अर्ज त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःहून मुलीला दाखवला. "तुला न्यायला आले होते. आता काय ते तू ठरव."

मृणालने तो वाचला. "जन्मतारीख चुकवलीस."

"काऊन? चौदा तारीख ना?"

"पंधरा."

"पहाटे झालीस तू. मला चौदाच वाटते." त्यांनी कागद परत घेतला, त्याची घडी घातली आणि उरलेल्या मुंगवड्यांच्या पिशवीचं तोंड त्याने बंद केलं.

---

नव्या पद्धतीत एक अडचण होती. एका दिवसाचं काम तीन दिवसांवर गेलं आणि ट्रे हाताने उलटावे लागत. ऑगस्टअखेर जेमतेम पाच टन मणी नीट वाळले. तेवढ्यात एकच घर भागणार होतं. आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक घराला तेलाची मागणी नोंदवायची होती. खिंड एकदा बंद झाली की टँकर येत नाही.

गावच्या बैठकीत मुखिया सोनम वांगटाक यांनी स्पष्टच विचारलं, "मॅडम, नोव्हेंबरमध्ये तुमची माणसं खाली जातात. जानेवारीत मीठ संपलं तर इथे कोण असतं? आम्हीच."

मृणाल दरवर्षी खरंच खाली जात असे.

"मी असेन," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मृणालने चमकून आईकडे पाहिलं. बैठकीत हशा पिकला. जुलैतसुद्धा दोन शाली गुंडाळून फिरणारी ही बाई!

"हसा. ज्या घरात मीठ ठेवाल त्या घरात मी पूर्ण हिवाळा राहीन. मुलगीही राहील. आमचं नाक गोठलं तर तुम्हाला कळेलच."

तरीही कुणी पुढे येईना. मग यांगडोल उठली. बोलण्याआधी तिला खोकल्याची उबळ आली, आणि सगळे ती थांबण्याची वाट पाहत राहिले.

"आमच्या घरात ठेवा," ती म्हणाली. "या वर्षी आमचं तेल नको."

आंगदुस ताडकन उठले. "एकतीस वर्षं मी..."

"एकतीस वर्षं तू तेल आणलंस आणि चाळीस वर्षं मी त्याचा धूर गिळला," यांगडोल शांतपणे म्हणाली. "एक हिवाळा मला बिनधुराचा दे. फक्त एक."

आंगदुस खाली बसले. 

---

डिसेंबर मजेत गेला. तळघरातला एक छोटा पंखा घरातली हवा ओढायचा, आधी पाण्याच्या उथळ ट्रेवरून, मग मण्यांच्या डब्यांतून फिरवायचा आणि गरम हवा चारही खोल्यांत पोचवायचा. पंख्याला छपरावरच्या सौर पत्र्याची वीज पुरत होती. यांगडोलने आयुष्यात पहिल्यांदा हिवाळ्यात वेगळ्या खोलीत माग लावला. तिचा खोकला महिन्याभरात निम्म्यावर आला. पण आंगदुस मधल्या खोलीत, काढून टाकलेल्या बुखारीच्या जागी एकटेच बसून राहायचे. "सगळ्या खोल्या गरम झाल्या, तर माणसं कुठे जमणार?" असं ते दोनदा तरी म्हणाले. प्रमिलाबाई मग मुद्दाम भाजी निवडायला तिथे जाऊन बसायच्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा उणे चौतीसवर गेला. इतकी थंडी आंगदुसनाही आठवत नव्हती. त्या सकाळी मुखिया सोनम दारात उभे राहिले. त्यांच्या हातात एक वाटी होती आणि वाटीत थिजलेल्या तुपासारखं काहीतरी.

"तेल," ते म्हणाले. "बुखारी विझली. नळीतून उतरतच नाही. सगळ्यांकडे तसंच."

आंगदुसनी वाटीत बोट बुडवून वास घेतला. एवढ्यावरून त्यांना कळलं. "डिझेल मिसळलंय. रॉकेल इतक्या थंडीत थिजत नाही, डिझेल थिजतं. ठेकेदाराने खपवलं." मग ते ओशाळून बायकोकडे वळले. "गोठ्यातलंही तसंच झालं असेल."

"गोठ्यातलं काय?" यांगडोलने विचारलं.

"एक पिंप. गवताखाली. गुपचूप घेतलं होतं. वाटलं, मीठ संपलं तर..."

यांगडोलने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. पण सोनम हसत नव्हते. "माझी नात पाच महिन्यांची आहे," ते म्हणाले. खिंड बंद होती. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरही चार-पाच दिवस येणार नव्हतं.

मृणालने आईला बाजूला घेतलं. "आई, मी मोजलंय. आपण चौघं धरून मीठ मार्चअखेरपर्यंत जातं. एवढी माणसं घेतली, दारं सतत उघडली, तर ते फेब्रुवारीतच संपेल. मग आपणही आणि तेही..."

"आणि आज नाही घेतलं तर?"

मृणालने टोपी घातली आणि सोनमबरोबर बाहेर पडली.

दुपारपर्यंत तेवीस माणसं आत आली. म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची घरं आधी. काही धडधाकट मंडळी शेणाच्या गोवऱ्या एकत्र करून दोन घरांत राहिली आणि फक्त जेवायला यायची. चारही खोल्यांत गाद्या पसरल्या. मधल्या खोलीत एका मोठ्या पातेल्यात थुक्पा म्हणजे शेवयांचा रस्सा शिजत होता, आणि प्रमिलाबाईंनी त्यात उरलेल्या सगळ्या मुंगवड्या टाकल्या. मुखियांच्या नातीला आंगदुसच्या मांडीवर झोप लागली. ती जागी होईल म्हणून ते दोन तास हललेच नाहीत.

मृणाल मात्र सारखी तळघरात जाऊन आकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली ती जिन्यातच थांबली.

"काय झालं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"घरात बावीस अंश आहेत. आणि पाण्याचा ट्रे भरलेलाच आहे. मणी त्यातलं पाणी घेतच नाहीयेत."

"मग तापतात कशाने?"

मृणालने खोलीभर पाहिलं. बोलणारी, घोरणारी, वाफाळता थुक्पा फुंकणारी माणसं. खिडक्यांवर एरवी साचणारी वाफ कुठेच नव्हती.

"श्वासाने," ती म्हणाली. "आई, एक माणूस दिवसाला जवळजवळ लिटरभर पाणी श्वासातून आणि अंगातून हवेत सोडतो. पंखा ती हवा खाली नेतोय आणि मणी ती पितायत. वर प्रत्येकाच्या अंगाची ऊब वेगळी. एवढी माणसं म्हणजे एवढ्या लहान शेगड्याच! माझ्या हिशेबात माणसं फक्त ऊब खर्च करत होती. ती ऊब आणतात, हे मी धरलंच नव्हतं."

"म्हणजे मीठ लवकर संपणार नाही?"

"बाहेर उणे चौतीस असूनही आपण रोजच्याइतकंच वापरतोय."

प्रमिलाबाईंनी हे हिंदीत सांगितलं, सोनमनी ते लडाखीत सांगितलं आणि खोलीत एकच गलका झाला. एका आजोबांनी तर मुद्दाम छाती भरून श्वास घेतला आणि तळघराच्या दिशेने फुर्र करून सोडला. मग सगळेच तसं करायला लागले. फक्त दर तासाला शुद्ध हवेसाठी मृणाल पाच मिनिटं झरोका उघडायची, तेव्हा सगळे तिच्यावर ओरडायचे.

सहाव्या दिवशी वारा पडला आणि हेलिकॉप्टरने शुद्ध रॉकेल टाकलं. माणसं आपापल्या घरी गेली. आंगदुसनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि जाहीर केलं की रोज दुपारचा चहा इथेच होईल, सगळ्यांनी यायचं, श्वास सोडायला. लोक खरंच येत राहिले. मीठ तीन एप्रिलला संपलं. तोवर बर्फ वितळू लागलं होतं.

---

पुढच्या हिवाळ्यासाठी चौदापैकी अकरा घरांनी मीठ मागितलं. मृणालच्या संस्थेने नवे मणी आणि काचेच्या पेट्या पाठवायचं कबूल केलं, पण पंचावन्न टन वाळवायला हात हवे होते, आणि तेही जाणते.

एप्रिलमध्ये प्रमिलाबाई वरोऱ्याला परतल्या आणि त्यांनी गटाची बैठक बोलावली. पंखा गरम हवा फेकत होता. "जून ते सप्टेंबर. आपलं वाळवण तोवर आटोपतं. पगार मिळेल, येण्याजाण्याचा खर्च मिळेल. सहा जणी पाहिजेत. तिथे थंडी असते हं, आधीच सांगते. भर दुपारीसुद्धा स्वेटर..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. गटातल्या अकराही जणींचे हात वर गेले होते.

शेवटी अकराही जणी गेल्या. आंगदुसनी त्यांना आणायला लेहहून एक जुनी मिनीबस मिळवली आणि ती स्वतः चालवली. घाटभर बायका गात होत्या आणि ते स्टिअरिंगवर ताल धरत होते. गावात उतरल्यावर गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ कुसुमबाई झाडे काळ्या काचेच्या पेट्यांपाशी गेल्या. आकाश निळंशार होतं. ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी तळहात उन्हात धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अन् काय वं प्रमिला," त्या म्हणाल्या, "यांच्याकडे एवढं ऊन आहे, अन् हे लोक इतकी वर्षं तेल जाळत बसले?"

प्रमिलाबाईंनी आंगदुसना त्याचं हिंदी करून सांगितलं. आंगदुसनी आपले चार दात दाखवले.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "मीच आणून देत होतो ना!" आणि बाह्या सरसावून त्यांनी ट्रेवर पसरायच्या कापडाचं दुसरं टोक धरलं.